मंजूर न झालेले विधेयक खासदाराच्या कामात कसे धरावे? (मंचावरील चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे सभासदनाम)

जुनी पाने

नमस्कार. बॅरिस्टर नाथ पै यांच्या संसदेतील कामावर दीर्घ लेख लिहिण्याची जबाबदारी आमच्या अभ्यासमंडळाने माझ्यावर टाकली आहे. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. त्यांच्याविषयीचे जे मराठी लेखन मी आजवर वाचले, त्यात त्यांच्या वक्तृत्वाची वर्णने भरपूर आहेत. परंतु अमुक भाषण कोणत्या विषयावरचे, कामकाजाच्या कोणत्या टप्प्यावरचे, आणि ते झाल्यानंतर त्या विषयाचे पुढे काय झाले, याची नोंद फारच थोड्या ठिकाणी सापडते.

माझी मुख्य अडचण १९६७ च्या घटनादुरुस्ती विधेयकाची आहे. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही असा निकाल दिल्यानंतर, संसदेचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट करणारे विधेयक नाथ पै यांनी वैयक्तिकरीत्या मांडले. घटनाकायद्याच्या पुस्तकांत ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र ते मंजूर झाले नाही. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, जे मंजूर झाले नाही त्याला ‘योगदान’ म्हणणे ही भाविकता आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, संसदेला तो अधिकार देणाऱ्या १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीचे श्रेय सरळ नाथ पै यांना द्यावे. मला दोन्ही मते पटत नाहीत, पण माझे स्वतःचे मत काय हेही नेमकेपणाने मांडता येत नाही.

याशिवाय एक उपप्रश्न. आजच्या खासदारांची उपस्थिती, प्रश्नांची संख्या, चर्चांतील सहभाग यांचे तक्ते सहज मिळतात. तशी आकडेवारी जुन्या खासदारांसाठी तयार करून लेखाला जोडावी काय?

पोटकलम

विधेयक मंजूर झाले की नाही, हा प्रश्न खासगी सदस्याच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याच्या, विधेयकाला विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्या कसोटीवर जवळजवळ सगळेच नापास होतात. पहिल्या लोकसभेपासून आजवर खासगी सदस्यांची अवघी १४ विधेयके कायद्यात उतरली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास या कामाला मिळतात. तेही एका शुक्रवारी विधेयके आणि पुढच्या शुक्रवारी ठराव अशा पाळीने, आणि कोणाचे विधेयक आधी घ्यायचे हे चिठ्ठ्या काढून ठरते. घटनादुरुस्तीचे विधेयक असेल तर ते सभागृहात मांडले जाण्याआधीच खासगी विधेयकांसंबंधीच्या समितीच्या चाळणीतून जावे लागते. एवढ्या अडथळ्यांतून एक विधेयक संयुक्त समितीपर्यंत जाते, दोन्ही सभागृहांचे सदस्य त्यावर कलमवार विचार करतात, ही घटनाच मुळात दुर्मीळ आहे. नाथ पै यांचे विधेयक तिथवर पोहोचले होते.

आता घटनाक्रम पाहू, कारण आपल्या मंडळातील दोन्ही मतांची चूक त्यातच दिसते. गोलकनाथ निकाल २७ फेब्रुवारी १९६७ चा. अकरा न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. तत्पूर्वी १९५१ मध्ये शंकरी प्रसाद आणि १९६४ मध्ये सज्जन सिंग या खटल्यांत याच न्यायालयाने संसदेचा अधिकार मान्य केला होता. म्हणजे सोळा वर्षे जे गृहीत धरून जमीनसुधारणेचे कायदे होत आले, ते एका मताच्या फरकाने बदलले. जुन्या दुरुस्त्यांना धक्का लागणार नाही अशी व्यवस्था निकालात होती, पण पुढचा रस्ता बंद झाला होता. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, विरोधी बाकांवरच्या प्रजासमाजवादी पक्षाच्या एका खासदाराने, म्हणजे नाथ पै यांनी, घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारा अनुच्छेद ३६८ दुरुस्त करण्याचे विधेयक आणले. सरकारने नव्हे, हे लक्षात घ्यावे.

ते अडले कुठे? संविधान दुरुस्त करायला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत तर लागतेच, शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यही बाजूने असावे लागतात. १९६७ च्या लोकसभेत काँग्रेसकडे २८३ जागा होत्या आणि १९६९ मध्ये तोही पक्ष फुटला. विधेयक चर्चेत, समितीत, पुन्हा चर्चेत असे रेंगाळत राहिले आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले, म्हणजे आपोआप रद्द झाले. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै गेले. मार्चमधील निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी चोविसाव्या दुरुस्तीचे विधेयक आणले, जे नोव्हेंबरमध्ये अमलात आले. नाथ पै यांच्या विधेयकामागचे तत्त्व त्यात आहे. पण राष्ट्रपतींनी अशा विधेयकाला संमती दिलीच पाहिजे, अशा आणखीही तरतुदी त्यात आहेत. म्हणून ‘चोविसावी दुरुस्ती नाथ पै यांची’ असे लिहिणे अचूक होणार नाही. तो युक्तिवाद चार वर्षे सभागृहाच्या कामकाजात जिवंत राहिला आणि सरकारकडे संख्याबळ आले तेव्हा प्रश्नाची मांडणी आधीच झालेली होती, एवढे मात्र निःशंकपणे लिहिता येईल. मला विचाराल तर खासगी सदस्याच्या हातून याहून मोठे काम क्वचितच होते.

आकडेवारीच्या बाबतीत एकच सांगतो. नाथ पै यांनी चौथ्या लोकसभेत मांडलेल्या विधेयकांची संख्या आणि कोणा दुसऱ्या सदस्याने मांडलेल्या विधेयकांची संख्या शेजारी ठेवली, तर हे विधेयक त्या तक्त्यात ‘एक’ म्हणून दिसेल. एखाद्या नावात एका अक्षराचा बदल सुचवणारे विधेयकही तिथे ‘एक’च असते.

विरोधी बाक

पोटकलम यांच्या तपशिलाविषयी वाद नाही, पण सूर मला थोडा एकतर्फी वाटतो. राष्ट्रीय धोरणावरच्या चर्चेत योगदान केवळ विधेयक मांडणाऱ्याचे नसते. त्याला विरोध करणाऱ्याचेही असते, आणि या प्रकरणात तर विरोधकांच्या शंकेला इतिहासाने अधिक दाद दिली असे माझे मत आहे.

नाथ पै यांची भूमिका समजण्यासारखी आहे. संसद लोकांनी निवडलेली, न्यायालय नेमलेले. मालमत्तेच्या हक्काआड जमीनसुधारणा अडणार असतील तर शेवटचा शब्द लोकप्रतिनिधींचा असावा. पण उद्याच्या बहुमताने हाच अधिकार लोकांविरुद्ध वापरला तर काय, ही शंका त्या काळीही होती आणि ती हवेतली नव्हती. १९७६ मध्ये, विरोधी पक्षाचे अनेक सदस्य तुरुंगात असताना, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि घटनादुरुस्तीला कोणत्याही कारणावरून न्यायालयात आव्हान देता येणार नाही असे कलम अनुच्छेद ३६८ मध्येच घातले गेले. ते पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाले. नाथ पै हे पाहायला नव्हते. असते तर ते कोणत्या बाजूला उभे राहिले असते याविषयी मला शंका नाही, पण तो अंदाज झाला, आणि लेखात अंदाजाला जागा देऊ नये.

केशवानंद भारती खटल्याचा निकाल (२४ एप्रिल १९७३, सात विरुद्ध सहा) या दृष्टीने पुन्हा वाचावा. न्यायालयाने गोलकनाथ निकाल बाजूला ठेवला आणि संसदेला संविधानाचा कोणताही भाग दुरुस्त करता येतो हे मान्य केले. म्हणजे नाथ पै यांचा मुद्दा मान्य झाला. त्याच वेळी संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही अशी मर्यादाही घातली. म्हणजे त्यांच्या विरोधकांची चिंताही मान्य झाली. या चौकटीच्या कल्पनेचे बीज १९६४ च्या सज्जन सिंग खटल्यातील न्या. ज. र. मुधोळकर यांच्या स्वतंत्र निकालपत्रात आहे. संविधानाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे याला ‘दुरुस्ती’ म्हणायचे की नवे संविधान लिहिणे म्हणायचे, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. एक मराठी न्यायाधीश प्रश्न विचारतो आणि अडीच वर्षांनी एक मराठी खासदार त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो, हा योगायोग आपल्या लेखात यायला हवा असे सुचवतो.

लेखात नाथ पै यांच्या भाषणाइतकीच जागा त्यांना त्या सभागृहात मिळालेल्या उत्तरांना द्या. ज्याला कोणी नीट उत्तर दिले नाही, त्या भाषणाचे मोल ठरवता येत नाही.

जुनी पाने

दोघांचेही आभार. विरोधकांची भाषणे मी अजून वाचलेलीच नाहीत, हे कबूल करतो. कामकाजाचे जुने खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत एवढे ठाऊक आहे. तेथून काही पाने उतरवूनही घेतली. पण वाचताना गोंधळ उडतो. मध्येच वाक्य तुटते, मध्येच कोणी वेगळाच सदस्य वेगळ्याच विषयावर बोलू लागतो, आणि भाषण संपले की थांबवले गेले हेही कळत नाही. हे वाचण्याची काही रीत आहे काय?

टंकलिखित प्रत

मी काही वर्षे एका खासदारांच्या दिल्लीतील कार्यालयात साहाय्यक होतो (नाव आणि पक्ष येथे अप्रस्तुत). त्या अनुभवावरून थोडे सांगतो.

जुन्या खंडांत प्रत्येक पान दोन स्तंभांत छापलेले असते आणि क्रमांक पानाचा नसून स्तंभाचा असतो; संदर्भ देताना तोच द्यावा. सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ येतो. समासात मधूनमधून तास आणि मिनिटे छापलेली दिसतात. ही घड्याळाची नोंद फार उपयोगाची आहे, कारण तीवरून भाषण किती वेळ चालले आणि त्यातला किती वेळ व्यत्ययात गेला याचा अंदाज बांधता येतो. ‘व्यत्यय’ एवढा एकच शब्द जिथे छापला आहे तिथे प्रत्यक्षात अर्धे मिनिटही गेले असेल किंवा सभागृह डोक्यावर घेतलेले असेल. पीठासीन अधिकाऱ्यांनी घंटा वाजवली की सदस्य ‘शेवटचा मुद्दा’ म्हणून तीन मुद्दे बोलतो. आपणास जे तुटक वाटते ते बहुधा तेच आहे. कामकाजातून वगळलेल्या शब्दांच्या जागी फुल्या असतात आणि खाली तळटीप. मूळ भाषण कोणत्या भाषेत झाले, तेही पाहावे. अनुवादित आवृत्तीवरून वक्तृत्वाविषयी मत देणे धोक्याचे आहे.

चर्चेतला वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो. आमच्या पक्षाचे सदस्य मोजकेच असल्यामुळे मोठ्या विधेयकावरही आमच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येत. वीस पानांचे टिपण तयार करावे, रात्री त्याचे चार पानांत रूपांतर करावे आणि प्रत्यक्षात दीड पान बोलून व्हावे, हे नित्याचेच. एकदा परराष्ट्र व्यवहार खात्याच्या अनुदानाच्या मागण्यांवर आम्ही आठवडाभर तयारी केली होती आणि त्या मागण्या गिलोटिनखाली गेल्या, म्हणजे वेळ संपल्यामुळे चर्चेविनाच मताला टाकल्या गेल्या. तो आठवडा कोणत्याही तक्त्यात नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, भाषणांच्या आधी कपात प्रस्ताव पाहा. ज्या प्रस्तावात एखाद्या खात्याची मागणी एक रुपयापर्यंत खाली आणावी असे म्हटलेले असते, तो त्या खात्याच्या धोरणालाच नापसंती दर्शवणारा असतो आणि कोणते धोरण नापसंत आहे हे त्यात नेमके लिहावे लागते. शंभर रुपयांची कपात सुचवणारा प्रस्ताव विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी असतो. हे प्रस्ताव क्वचितच मंजूर होतात, पण सदस्य वर्षानुवर्षे कोणत्या मुद्द्याचा पाठपुरावा करत होता ते त्यांतून स्वच्छ दिसते. त्यानंतर पुरवणी प्रश्न वाचावेत. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो तो, कार्यालयातही तयार होतो. मंत्र्याच्या उत्तरावर उभ्या उभ्या विचारलेला पुरवणी प्रश्न मात्र सदस्याचा स्वतःचा असतो. आणि संयुक्त समितीच्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिका चुकवू नका. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये आल्या. त्याआधीच्या काळात सदस्यांचे बारकाईचे काम प्रवर समित्यांत (एकाच सभागृहाच्या) आणि संयुक्त समित्यांतच सापडते.

उपस्थितीविषयी: माझ्या काळी हजेरीपटावर मंत्री स्वाक्षरी करत नसत, आणि जे करत त्यांतले सगळेच दिवसभर सभागृहात बसलेले नसत. सही करून मध्यवर्ती सभागृहात कॉफी घेत बसलेल्या सदस्याची उपस्थिती शंभर टक्के असू शके.

एकशे शहाऐंशी विरुद्ध एक

विषय नाथ पै यांचा असला तरी मूळ प्रश्नाला (हरलेल्या भूमिकेचे काय करायचे) जवळचे एक उदाहरण येथे नोंदवतो. माझे सभासदनाम कोठून आले हेही त्यातून कळेल.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. ते एक मत शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचे. आदल्या दिवशी सभागृहात विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या होत्या; मतदानाच्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले, मार्शल बोलावावे लागले. त्या गदारोळात ज्यांनी कागद फाडले त्यांची नावे वर्तमानपत्रांत ठळक आली. ज्याने शांतपणे बोलून विरोधी मत नोंदवले त्याला मात्र ‘महिलाविरोधी’ हा शब्द चिकटला. ज्या माणसाने १९८६ मध्ये चांदवडला ग्रामीण स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमातून शेतकऱ्यांना आपल्या पत्नीच्या नावे जमीन करायला लावली, त्याच्याविषयी हे लिहिले जात होते.

त्यांचा आक्षेप स्त्रियांनी संसदेत असण्याला नव्हता. आरक्षित मतदारसंघ चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवणे आणि ते दर निवडणुकीला फिरते ठेवणे याला होता. मतदारसंघ पुढच्या खेपेला आरक्षित राहणारच नसेल तर निवडून आलेली स्त्री तो बांधील कशासाठी? ते विधेयक लोकसभेत मंजूर झाले नाही आणि २०१४ मध्ये व्यपगत झाले. २०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीत फिरते आरक्षण कायम आहे, परंतु ते दर निवडणुकीला नव्हे तर मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर बदलणार आहे. हा बदल जोशींच्या मतामुळे झाला असे मी म्हणणार नाही. तसा दुवा दाखवता येत नाही आणि या आक्षेपाचे धनी इतरही होते. परंतु २०२३ चे कलम समजून घेताना २०१० चे ते एकट्याचे भाषण उपयोगी पडते, आणि इतर १८६ जणांपैकी अनेकांची भाषणे पडत नाहीत.

विरोधी बाक यांचे शेवटचे वाक्य मात्र मला मान्य नाही. जोशींना त्या दिवशी नीट उत्तर कोणी दिले? तरीही त्या मुद्द्याचे मोल ठरवता येतेच.

विरोधी बाक

मान्य. ‘ठरवता येत नाही’ऐवजी ‘ठरवणे अवघड जाते’ असे वाचावे. याच ओघात समाजवादी खासदार मधू लिमये यांचेही उदाहरण आठवते. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, पाच वर्षांसाठी मिळालेला जनादेश संपला आहे, या भूमिकेतून त्यांनी आणि शरद यादव यांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. संसदीय नियमांवर त्यांच्याइतकी पकड असलेला माणूस सभागृहातल्या जागेचाच त्याग करून धोरणावर मत नोंदवतो. त्या तारखेनंतर तक्त्यात त्यांची उपस्थिती शून्य.

जुनी पाने

लेखाचा आराखडा बदलतो आहे. वक्तृत्वाचे प्रकरण आधी होते ते मागे नेले. सुरुवात एप्रिल १९६७ पासून करून विधेयकाच्या प्रत्येक टप्प्याशी त्या टप्प्यावरचे नाथ पै यांचे म्हणणे आणि त्याला मिळालेले उत्तर असे समोरासमोर ठेवतो, मग संयुक्त समितीचा अहवाल, आणि केशवानंद निकालापाशी थांबतो. तक्ता जोडणार नाही. ज्येष्ठ सदस्यांना ‘योगदान’ या शब्दाचाच आक्षेप असेल तर शीर्षक ‘एका विधेयकाची चार वर्षे’ असे ठेवीन.

एक बारीक अडचण उरते. डिजिटल ग्रंथालयात नाव टाकून शोधले तर काही खंडांतली भाषणेच येत नाहीत, जी प्रत्यक्ष पाने चाळल्यावर सापडतात.

टंकलिखित प्रत

पाने छायाचित्ररूपात असल्यामुळे यंत्राला अक्षरे नीट लागत नाहीत. ‘पै’सारखे छोटे आडनाव हमखास निसटते. नावाने शोधू नका. तारखेने खंड उघडा, शुक्रवार तेवढे निवडा आणि दुपारनंतरच्या स्तंभांपासून वाचायला लागा. खंडाला छापील सूची असेल तर ‘नाथ’ आणि ‘पै’ या दोन्ही जागा पाहा.